दोष कोंबडीचा की खुराड्याचा?

जिल्हा मेळाव्याच्या अंकात कोंबड्यांवर लेख कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल हे विषय संपले काय? संपलेले नाहीत. पण घरातल्या मायबहिणींना विचारून पाहा. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आला त्याच दिवशी दुकानदार, सोसायटी आणि सावकार यांच्यात वाटला जातो. अंड्याचा पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो आणि घरधनिणीच्या कनवटीला राहतो. पोराची वही, एसटीचे तिकीट, दुखण्याची गोळी, चहाची पत्ती त्यातूनच निघते. कोरडवाहू घरातल्या दहा कोंबड्या ही त्या बाईच्या स्वतःच्या हातातली बँक आहे.

ती बँक बुडते कशी? मानमोडी आली की आठवड्यात सगळा कळप जातो, ते साऱ्या गावाला दिसते. बुडण्याची दुसरी रीत मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. एक कोंबडी मुंगसाने नेली, किंवा पाहुण्यासाठी कोंबडा कापला. चार दिवसांत उरलेल्यांत मारामाऱ्या सुरू होतात. एकीचा तुरा रक्ताळतो, दुसरीची पाठ सोलून निघते, तिसरी कोपऱ्यात बसते आणि दाण्याला तोंड लावत नाही. अंडी बंद पडतात. घरातले म्हणतात, "कोंबड्यांना कसली तरी नजर लागली." तेवढ्यात सायकलवाला व्यापारी दारात येतो आणि तो म्हणेल त्या भावाने उरलेल्या त्याच्या टोपलीत जातात. गेली होती एक, मोडला सगळा कळप.

हे नुकसान टळण्यासारखे आहे, असे आमचे म्हणणे आहे. कोंबडी जात्याच भांडखोर, तिला इलाज नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांत शिकलेलेही असतात. कोंबड्या भांडतात हे खरे. पण भांडणाची जखम होते ती जागेच्या आणि दाण्याच्या टंचाईने, आणि ती टंचाई बहुतेक वेळा आपणच करून ठेवलेली असते.

उतरंड बसते कशी, मोडते कशी

कळपात कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत वरची कोंबडी सगळ्यांना टोचते, तिला कोणी टोचत नाही. दुसरी फक्त तिला सोडून बाकीच्यांना टोचते. असे करत करत शेवटची राहते, तिने टोचून घ्यायचे एवढेच. नॉर्वे देशातील थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञाने लहानपणापासून कोंबड्यांचे कळप पाहिले आणि १९२२ साली ही उतरंड जगापुढे मांडली. जगाने तो मोठा शोध मानला. रोज सकाळी खुराडे उघडून दाणे टाकणाऱ्या आपल्याकडच्या आजीला तो आधीच ठाऊक होता. कोणती कोंबडी दाण्यावर पहिली येते आणि कोणती मागे थांबते, हे ती डोळे झाकून सांगेल.

या उतरंडीचा एक फायदा आहे. ती एकदा बसली की भांडण थांबते. वरचीने नुसती मान उचलली की खालची बाजूला होते, चोच मारायची गरज पडत नाही. बळी तो कान पिळी हा नियम असला तरी कान रोज पिळावा लागत नाही. गूल आणि ॲली या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४४ साली दोन तऱ्हेचे कळप ताडून पाहिले. एका तऱ्हेच्या कळपात त्याच त्या कोंबड्या ठेवल्या, दुसऱ्यात कोंबड्या सतत बदलत राहिल्या. बदलत्या कळपातल्या कोंबड्या एकमेकींना जास्त टोचत होत्या, कमी खात होत्या, वजनाला कमी भरत होत्या आणि अंडीही कमी देत होत्या. अंडी कमी होण्याचे कारण घडी विसकटण्यात होते, कोंबडीच्या जातीत नव्हते.

आता कळपातली एक गेली म्हणजे काय होते ते पाहा. शेवटची गेली, तर वरच्यांचा क्रम फारसा हलत नाही, पण तिच्या वाट्याचे टोचे आता तिच्यावरचीला खावे लागतात. वरची गेली, तर तिच्या जागेसाठी खालच्यांत नव्याने ठरवाठरवी सुरू होते. कोंबडा गेला, तर गोष्ट आणखी बिघडते. कळपात कोंबडा असला की कोंबड्यांची आपसातली भांडणे कमी राहतात, हे अभ्यासांतही दिसून आले आहे. आणि आपल्याकडे जत्रेला, नवसाला, व्याह्याच्या ताटात पहिला जातो तो कोंबडाच!

कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः तुऱ्यावरून आणि तोंडावरून. ही ओळख फार दिवस टिकत नाही. दोन-तीन आठवडे दूर राहिलेली कोंबडी परत आली की ती कळपाला परकी वाटते. खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसून उठते, तेव्हाही तिला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. म्हणून गेलेल्या कोंबडीच्या बदल्यात दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक नवी आणून सोडणे यासारखे वाईट काम नाही. घडी आधीच मोडलेली, त्यात परकी आणि एकटी. सगळ्यांच्या चोचा तिच्यावर पडतात. शिवाय बाजारातल्या पिंजऱ्यातून ती कोणता रोग घेऊन आली, ते वेगळेच.

मुंबईच्या उपनगरांचा दाखला

भांडण सगळीकडे होते. ते रक्तापर्यंत कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे समजायला आम्ही एक लांबचा दाखला देतो. तो आहे मुंबईच्या उपनगरांचा. मुंबईत कसल्या कोंबड्या, असे म्हणून हसू नका. मुंबई उपनगर हा १९९० साली वेगळा जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या अनेक दुष्काळांत आपल्या कोरडवाहू भागातली माणसे मुंबईला गेली, त्यांतली कितीतरी याच उपनगरांच्या झोपडपट्ट्यांत राहिली. त्यांनी गावाकडची सवय बरोबर नेली. गल्लीत दोन-चार कोंबड्या, रात्री झाकायला लाकडी खोके नाहीतर फुटका पिंप.

याच जिल्ह्यात, अंधेरी आणि बोरिवली यांच्या मधे, गोरेगावला आरे दुग्ध वसाहत आहे. ती १९४९ साली वसवली. तिच्या हद्दीत खांबाचा पाडा, जितोणीचा पाडा, चाफ्याचा पाडा असे वारली आदिवासींचे पाडे आहेत. तिथल्या अंगणांतही कोंबड्या असतात. वसाहतीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्यातले बिबटे वस्तीपर्यंत येतात. मुंगूस, रानमांजर, साप यांचे तर रोजचेच.

एकाच जिल्ह्यातली ही दोन टोके. कोंबडी गमावण्याचे प्रसंग पाड्यावर जास्त, कारण जंगल दाराशी आहे. म्हणजे उतरंड मोडण्याचे प्रसंगही तिथेच जास्त. मग जखमाही तिथेच जास्त व्हायला हव्यात. पण तिथे मार खाणाऱ्या कोंबडीला करवंदीची जाळी आहे, झाडाची फांदी आहे, पलीकडचे अंगण आहे. चार टोचे खाऊन ती पळते, वरची दहा पावले मागे धावते आणि थांबते. पळणे हीच कोंबडीची शरणागती. ती दिसली की भांडण मिटते. गल्लीतल्या खोक्यात कोंबडी पळणार कुठे? तिला शरणागती दाखवताच येत नाही. जिंकणारीला वाटते, ही अजून अडून आहे. ती टोचत राहते. रक्त दिसले की बाकीच्याही येतात.

कोंबडी तीच, स्वभावही तोच. फरक खुराड्याचा आहे.

आता आपल्या गावाकडे या. आपल्याकडे शेत आहे, बांध आहे, उकिरडा आहे. तरी जखमा का होतात? कारण एक कोंबडी मुंगसाने नेली की घरातले घाबरतात आणि उरलेल्या दिवसभर डालग्याखाली झाकून ठेवतात. हेतू चांगला असतो. पण नेमक्या ज्या आठवड्यात कळपाची उतरंड नव्याने बसायची असते आणि खालच्या कोंबडीला पळायला जागा लागते, त्याच आठवड्यात आपण तिची पळवाट बंद करतो. मुंगसाने एक नेली, डालगे दोन नेते. या लेखातली एवढी एकच गोष्ट ध्यानात राहिली तरी आमचे काम झाले.

चार जखमा, चार कारणे

जखम दिसली की ती कुठे आहे हे आधी पाहा. जागेवरून कारण कळते.

तुऱ्यावर आणि डोक्यावर ताजी, ओली जखम असेल तर ती उतरंड ठरवण्याच्या भांडणाची. जागा मोकळी असेल तर बहुतेक आठवडाभरात हे भांडण आपोआप थांबते. मात्र तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड आणि काळपट खपल्या दिसल्या, आणि एकाच वेळी अनेक कोंबड्यांना दिसल्या, तर ते भांडण नाही. तो देवीचा रोग. डास चावून तो पसरतो आणि त्याची लस मिळते.

पाठीवरची पिसे गेली आणि कातडीवर ओरखडे असतील तर ते काम कोंबड्याचे. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत तलंगांचे गट वाटले गेले, २५ माद्या आणि ३ नर असे. हे प्रमाण वाटपाच्या दिवशी बरोबर असते. सहा महिन्यांनी माद्या उरतात दहा आणि कोंबडे मात्र तिन्ही फिरत असतात. मग तीन कोंबड्यांचा भार दहा पाठींवर येतो आणि त्या सोलून निघतात. त्यात उरलेल्यांचा काही दोष नाही. कळप घटला की कोंबड्यांची संख्याही घटवायची, हे वाटप करणाऱ्याने सांगायला हवे होते. एक ठेवा, दोन विका.

शेपटीच्या मुळाशी किंवा अंडे घालायच्या जागेवर जखम असेल तर सावध व्हा. हे भांडण नसून खाणे आहे. पिसे उपटून खायची आणि मग मांस टोचायची ही सवय एकीला लागली की बाकीच्या पाहून शिकतात, आणि कोंबडी आतड्यांसकट उघडी पडते. दाटी, डोक्यावर रात्रंदिवस जळणारा झगझगीत बल्ब, अंगावर उवा आणि गोचिड्या, उकरायला माती नसणे, खाण्यात कस नसणे ही त्याची कारणे.

चौथी जखम आजारी कोंबडीची. जी कोंबडी आधीच मलूल आहे, तिलाच कळप आधी टोचतो. आपल्याला जखम दिसते, रोग दिसत नाही. मान वाकडी, हिरवट पातळ हगवण, धाप असे दिसले तर ती मानमोडी समजा आणि जखमेवर हळद लावत वेळ घालवू नका. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले, ते विसरून चालणार नाही. मेलेला पक्षी कुत्र्यापुढे किंवा उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा आणि हात साबणाने धुवा.

ज्वारीने पोट भरते, पिसे भरत नाहीत

पिसे बहुतेक सगळी प्रथिनांची असतात. अंडे देणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात शेकडा १६ ते १८ भाग प्रथिने लागतात. ज्वारीत असतात सुमारे १०. त्यातही लायसिनसारखे घटक कमीच. पावसाळ्यात आणि सुगीत ही तूट कोंबडी स्वतः भरून काढते. किडे, नाकतोडे, गांडुळे, कोवळे गवत तिला रानात मिळते. चैत्र-वैशाखात जमीन भाजते, किडा दिसत नाही, आणि आपण तिला दोन मुठी ज्वारी टाकून निश्चिंत होतो. अशा वेळी कळपातली एक गेली तर भुकेची चोच दुसरीच्या पिसांकडे वळते.

उपाय महागडे नाहीत. फुटक्या मडक्यात शेण आणि कडब्याचा चुरा भरून ते संध्याकाळी ओल्या जमिनीवर पालथे ठेवा, त्यात वाळवी धरते. ती कोंबड्यांपुढे झटका. शेंगदाण्याची पेंड, थोडी सुकट, भाजलेले सोयाबीन चालते. सोयाबीन कच्चे देऊ नये, ते पचत नाही. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी आणि बुरशी आलेली पेंड कोंबडीला घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडली पाहिजे. बुरशीत विष असते आणि ते कोंबडीचे काळीज खाते.

कापूसवाल्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सरकी आणि सरकीची पेंड गाई-म्हशींना चालते म्हणून कोंबडीला घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. त्याने अंड्याचा बलक साठवणीत हिरवट पडतो आणि जास्त खाल्ले तर कोंबडीलाही बाधते. गिऱ्हाईकाने एकदा हिरवा बलक पाहिला की तो पुन्हा तुमचे अंडे घेणार नाही. दुसरी गोष्ट, औषध चोळलेले बियाणे पेरणीनंतर पोत्याच्या तळाशी उरते, ते अंगणात झटकू नका. मृगात कितीतरी कोंबड्या अशाच मरतात आणि आपण दोष देतो मुंगसाला.

चोच कापणे हा इलाज नव्हे

मोठ्या कोंबडी कारखान्यांनी या भांडणावर एक इलाज शोधला आहे. पिलू लहान असतानाच त्याच्या चोचीचे टोक तापलेल्या पात्याने कापून टाकायचे. पिंजऱ्यात एका कोंबडीला एका टंकलेखनाच्या कागदाएवढीही जागा द्यायची नाही, आणि ती शेजारणीला टोचते म्हणून तिचीच चोच कापायची! चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, त्यात मज्जातंतू असतात. आपल्या नखासारखी ती निर्जीव नाही. युरोपीय संघाने २०१२ पासून जुन्या धर्तीचे अरुंद पिंजरे बंद केले. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडसारख्या देशांत चोच कापायलाही बंदी आहे. आपल्या देशाच्या विधी आयोगानेही २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांना ठेवण्याच्या पद्धतींचा विचार केला.

कारखान्याचे अनुकरण म्हणून काही गावांतही आता ब्लेडने चोच कापू लागले आहेत. पिंजऱ्यातल्या कोंबडीला खाद्य पन्हाळीत समोर मिळते. परसातल्या कोंबडीला दाणा मातीतून वेचायचा असतो, किडा पकडायचा असतो. तिची चोच कापणे म्हणजे गड्याचे हात तोडून त्याला खुरपायला पाठवणे. आम्ही याच्या विरुद्ध आहोत.

पहिल्या आठवड्यात काय करावे

कोंबडी गेली त्या दिवसापासून आठ दिवस कळपावर लक्ष ठेवा. दाणे एका जागी टाकू नका, अंगणात चार ठिकाणी टाका. एकाच ढिगावर वरची कोंबडी राज्य करते, चार ढिगांवर तिला एकटीला राखण करता येत नाही. खाद्याची पन्हाळ असेल तर दर कोंबडीमागे निदान १० सेंटिमीटर जागा हवी. पाणीही दोन भांड्यांत ठेवा.

रात्रीच्या खुराड्यात दर कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा आणि बसायला आडवी काठी असावी. कोंबडीला उंचावर झोपायला आवडते आणि काठीवर मार कमी पडतो. दिवसा कळप मोकळा सोडा. मुंगसाची भीती असेल तर राखण करा, तूरकाट्यांचे कुंपण घाला, कोपऱ्यात पऱ्हाटीचा ढीग रचून ठेवा. त्या ढिगाखाली मार खाणारी कोंबडी लपते आणि घारीपासून पिलेही वाचतात. झाकायचेच असेल तर सर्वांना एका डालग्याखाली कोंबू नका. जी टोचते तिलाच दोन-तीन दिवस वेगळी ठेवा. ती परत येते तेव्हा तिचा तोरा उतरलेला असतो.

रक्त निघालेली कोंबडी मात्र लगेच बाजूला काढा. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा, हळद आणि तेल लावा. लाल रंग झाकला जाईल इतपत लावा, कारण लाल दिसले की चोच चालते. अळ्या पडल्या असतील तर चिमट्याने काढा आणि दवाखान्यात दाखवा. कपाशीवर फवारायचे औषध जखमेवर किंवा उवांवर कधीही लावू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. जे शेतकऱ्याच्या कातडीतून आत गेले ते दोन किलोच्या पाखराला सोडील काय? आणि ते अंड्यातून तुमच्याच पोराच्या पोटात येईल.

बरी होत असलेली कोंबडी डालग्याखाली ठेवून ते डालगे अंगणातच ठेवा. कळपाला ती दिसत राहिली की ओळख तुटत नाही. मग तिन्हीसांजेला, काठीवर सगळ्या बसल्यावर तिला शेजारी बसवा. नवीन कोंबड्या आणायच्या असतील तर एक आणू नका, दोन-तीन सारख्या वयाच्या आणा. आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवून रोग नाही याची खात्री करा, मग दोन-चार दिवस जाळीआडून कळपाला दाखवा आणि नंतर मिसळा. विकायची वेळ आली तर एकेक करून महिनाभर विकत बसू नका. दर विक्रीला उतरंड मोडते. दोन-तीन एकदमच विका म्हणजे घडी एकदाच विसकटेल, आणि व्यापाऱ्याशी भाव करायलाही तोंड राहील.

मोजणी कशाची होते?

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या ३१ कोटी ७० लाख परसातल्या होत्या. २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या कोंबड्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढल्या, कारखान्यांतल्या फक्त साडेचार टक्क्यांनी. म्हणजे वाढ झाली ती बायाबापड्यांच्या अंगणात. तरी योजना काय मोजतात? किती पिले वाटली, किती अनुदान उचलले. सहा महिन्यांनी किती उरली आणि उरलेली कशाने गेली, याचा हिशेब शेवटच्या घरापर्यंत येऊन कोणी विचारत नाही.

केंद्र सरकारच्या कुक्कुट विकासाच्या चार विभागीय संस्था आहेत. चंदीगड, भुवनेश्वर आणि बंगळूरजवळचे हेस्सरघट्टा येथे तीन. चौथी मुंबईला, वर सांगितलेल्या त्याच आरे वसाहतीत. परसातल्या कोंबडीसाठी पिले देणे आणि प्रशिक्षण देणे हे त्यांचे काम. आमची मागणी साधी आहे. पिलांबरोबर मराठीत छापलेला एक कागद द्या. मर झाली, कळप घटला, तर पुढच्या आठ दिवसांत काय करावे हे त्यात असू द्या. कोंबडे किती ठेवावेत, जखम कोणती कशाची, हे लिहा. त्याला वेगळी तरतूद लागत नाही.

काही विद्वान कोंबड्यांची ही उतरंड दाखवून म्हणतात, बघा, वरचा आणि खालचा हा सृष्टीचाच नियम आहे. खुद्द श्येल्डरुप-एब्बे यांनीही आपला नियम पुढे फार ताणला. आम्हाला तो धडा मान्य नाही. कोंबड्यांनी दाखवले ते एवढेच, की दाणा चार जागी मिळाला आणि पळायला वाट असली तर उतरंड असूनही रक्त निघत नाही. दाणा एका मुठीत आणि सगळे एका डालग्याखाली असले, की सख्ख्या बहिणीही एकमेकींची कातडी सोलतात. टंचाई कोणी केली हे विचारायचे सोडून भांडणाऱ्यांना शहाणपण शिकवणारे आपण सर्वांनी पुष्कळ पाहिले आहेत.

मेळाव्यासाठी एक काम सुचवून थांबतो. कळपाला सर्वांत मोठे खिंडार पाडते ती मानमोडी, आणि ती लसीने टळते. पिलांना पहिल्याच आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचून घ्यायची. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि घरात असतात दहा. म्हणून एकटी बाई लस आणत नाही. दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवला तर एक कुपी दहा घरांना पुरते. बर्फाच्या डब्यातून आणा, फोडली की दोन तासांच्या आत संपवा. प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने मेळाव्याला येताना आपल्या गावात किती कोंबड्या आहेत याचा आकडा आणावा, आणि परत जाताना लसीची तारीख ठरवून जावे. ही तारीख गावातल्या बायांना विचारून ठरवा. कोंबड्या त्यांच्या आहेत.